जहाजावर न जाता सागरी क्षेत्रात कोणती कामे करता येतात?

महिनोन्‌महिने घरापासून दूर राहण्याची तयारी नसेल, तर सागरी क्षेत्रात काम मिळते का, असे आपण विचारले आहे. मी न्हावा-शेवा येथे जहाज एजंटच्या कचेरीत काम करतो. कामे पुष्कळ आहेत. मात्र किनाऱ्यावरच्या काही उत्तम जागांवर जहाजावर वर्षे काढलेल्यांनाच घेतात, हे आधी लक्षात घ्यावे.

बंदराच्या पायलटचेच, म्हणजे जहाज बंदरात आणण्यास कप्तानाला वाट दाखवणाऱ्याचेच, पाहा. तो लाँचने जहाजापाशी जातो आणि बाजूला सोडलेल्या दोरशिडीने वर चढतो. चढण ९ मीटरपेक्षा जास्त असेल, तर दोरशिडीच्या जोडीला जहाजाचा तिरका जिनाही लावावा लागतो. भरती-ओहोटी, वारा आणि टगची (जहाज ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या बोटीची) ताकद यांचा अंदाज घेत तो जहाज धक्क्याला लावतो, तरी अंतिम जबाबदारी कप्तानाचीच राहते. हे काम पुस्तकातून येत नाही. किनाऱ्यावरून जहाजांच्या देखभालीवर लक्ष ठेवणारे जहाज कंपन्यांचे सुपरिंटेंडेंटही बहुधा पूर्वाश्रमीचे मरीन इंजिनिअरच असतात.

समुद्रावर न जाता तांत्रिक बाजूला यायचे असेल, तर नेव्हल आर्किटेक्चरची, म्हणजे जहाजांच्या रचनेच्या शास्त्राची, पदवी घ्यावी. खरगपूर आणि मद्रास आयआयटीत ती सोय आहे. पुढे माझगाव डॉकसारखी गोदी किंवा जहाजांचे वर्गीकरण करणारी (म्हणजे ती तांत्रिक निकषांनुसार आहेत का हे तपासणारी), पवईत मुख्यालय असलेली इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग, असे मार्ग खुले होतात.

वाणिज्य शाखेच्या मुलांना सीएचएच्या (माल कस्टम्समधून सोडवून देणाऱ्या एजंटच्या) कचेरीत किंवा फ्रेट फॉरवर्डरकडे (मालवाहतुकीची व्यवस्था लावून देणाऱ्याकडे) सुरुवात करता येते. टर्मिनलवरचे प्लॅनरचे, म्हणजे जहाजावर कोणता कंटेनर कुठे ठेवायचा हे ठरवण्याचे, काम मला स्वतःला फार बुद्धीचे वाटते: जड कंटेनर तळाशी हवेत, पुढच्या बंदरात उतरवायचा माल इतरांखाली दबता कामा नये, आणि हंगामात नाशिकच्या द्राक्षांचे रीफर (शीत कंटेनर) वीजजोडणी असलेल्या जागीच बसले पाहिजेत.

आमच्या, म्हणजे जहाज एजंटच्या, कामात जहाज येण्यापूर्वी कस्टम्स, इमिग्रेशन आणि बंदर आरोग्य विभागाची कागदपत्रे पुरी करणे, आजारी खलाशाला डॉक्टरकडे नेणे, शिधा पुरवणाऱ्याला वेळ कळवणे, असे सारेच येते. पगार जहाजावरच्या अधिकाऱ्याच्या जवळपासही नसतो आणि फोन रात्री-अपरात्री वाजतो, पण नवख्याला सगळ्या खात्यांची ओळख इथेच लवकर होते.

पुढे विचार बदलून जहाजावर जायचे ठरवलेत, तर भरती करणाऱ्या संस्थेकडे आरपीएसएल (खलाशांची भरती करण्याचा सरकारी) परवाना आहे का, हे नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर तपासावे. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेण्यास अशा संस्थांना मनाई आहे.