यंत्रच सगळे करते, तर बायोकेमिस्ट्री लॅबमध्ये तंत्रज्ञाचे काम काय उरते? डीएमएलटी (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) करावे का?

‘बटण दाबले की रिपोर्ट निघतो’ असे आपण प्रश्नात लिहिले आहे. हेच वाक्य मला एका निवासी डॉक्टरांनी लॅबमधल्या माझ्या रात्रपाळीत फोनवर ऐकवले होते, म्हणून सविस्तर लिहितो.

मेडिसिन वॉर्डातून आलेल्या एका सॅम्पलचे पोटॅशियम ८.९ आले. ते साधारण ३.५ ते ५.१ असते, ८.९ खरे असेल तर हृदय केव्हाही बंद पडू शकते. त्या पाळीचे क्यूसी (माहीत मूल्याचे सिरम लावून केलेली यंत्राची गुणवत्ता तपासणी) हद्दीत होते आणि सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव, स्वच्छ पिवळे होते, त्यामुळे रक्तपेशी फुटून पोटॅशियम वाढले असेही म्हणता येत नव्हते. यंत्राच्या लेखी काम संपले होते. परंतु मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन अगदी नॉर्मल असताना पोटॅशियम एवढे वाढलेले मला पटेना, म्हणून त्याच ट्यूबमधून कॅल्शियम आणि अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम लावले. कॅल्शियम ४.१, म्हणजे नॉर्मलच्या निम्म्याहूनही कमी आले आणि फॉस्फटेज जवळजवळ नाहीसेच झाले होते. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधले, रक्त गोठू न देणारे ईडीटीए हे पोटॅशियमचा क्षार असते. ते कॅल्शियम बांधून टाकते आणि फॉस्फटेजला लागणारे जस्त व मॅग्नेशियमही ओढून घेते. लाल ट्यूबमध्ये रक्त कमी पडले म्हणून कोणीतरी जांभळीतले ओतले होते, हे उघड होते.

क्रिटिकल व्हॅल्यू, म्हणजे जिवाला धोका दाखवणारा आकडा, कळवणे बंधनकारक असल्याने मी निवासी डॉक्टरांना तो सांगितला, आणि तो विश्वासार्ह नाही, आधी ईसीजी पाहा व नवे सॅम्पल पाठवा, असेही सांगितले. त्यावर ते वाक्य आले. पुढे ‘उपचाराचे आम्ही बघू’ हेही आले. पोटॅशियम उतरवणाऱ्या इन्सुलिन-डेक्स्ट्रोजची तयारी चालली होती. पोटॅशियम मुळात नॉर्मल असलेल्या रुग्णाला ते दिले असते, तर पोटॅशियम खरोखरच घसरले असते. वॉर्डातल्या सिस्टरनी समजूतदारपणे नवे सॅम्पल पाठवले, पोटॅशियम ४.३ निघाले. डॉक्टरांचा फोन पुन्हा आला नाही.

क्यूसी असताना माणूस कशाला, असे ते नंतरही कॅन्टीनमध्ये म्हणत. क्यूसीचे आकडे मांडायचा लेव्ही-जेनिंग्ज तक्ता १९५० पासून आहे, ते स्वीकारायचे की नाकारायचे हे ठरवणारे वेस्टगार्डचे नियम १९८१ पासून आहेत, आणि दोन्ही आता सॉफ्टवेअर बिनचूक चालवते, हे मान्य. पण क्यूसीचे सिरम कंपनीच्या बाटलीतून येते, वॉर्डातून येत नाही. त्याने यंत्र पारखले जाते. सुई टोचल्यापासून ट्यूब आमच्या काउंटरवर येईपर्यंत काय घडले, हे त्याला कसे कळणार? सलाइन चालू असलेल्या हातातून घेतलेले रक्त किंवा तासन्तास वेगळे न केलेले सिरमसुद्धा यंत्र निमूटपणे मोजते.

हेही नमूद करतो की ईडीटीए अगदी थोडे मिसळले तर कॅल्शियम फारसे हलत नाही, तेव्हा कॅल्शियम नॉर्मल आले म्हणजे सॅम्पल निर्दोष, असे धरू नये. शिवाय सगळे निवासी डॉक्टर तसे नसतात, आणि त्यांच्या पाळ्या आमच्यापेक्षा लांब असतात.

डीएमएलटी अवश्य करा, मात्र मोठ्या रुग्णालयाला जोडलेल्या संस्थेतच करा. पगाराची फार अपेक्षा ठेवू नका. आणि प्रशिक्षणात यंत्र चालवण्याइतकेच सॅम्पल नाकारायला शिकवतात का, हे प्रवेशापूर्वी विचारा. ते शिकवत नसतील, तर त्या डॉक्टरांचे म्हणणे निदान त्या संस्थेपुरते तरी खरे आहे.