हुमणीला दुप्पट डोस? अजिबात नको

प्रश्न : खोडवा ऊस (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटलेला) जागजागी पिवळा पडून वाळतोय. दुकानदाराने थायमेट आणि युरिया दिलाय, हुमणी (मुळं खाणारी अळी) आहे, डोस दुप्पट करा म्हणतो. टाकू का? (माळशिरस तालुका)

उत्तर : टाकू नका. आधी वाळलेलं बेट, म्हणजे उसाचा झुपका, धरून ओढा. हुमणी असेल तर मुळं कुरतडलेली असतात, बेट सहज हातात येतं. तिथंच फूटभर खणा. पांढुरकी, तांबूस डोक्याची, अर्धवर्तुळात वळलेली अळी दिसली तरच पुढचं बोलू. न खणता औषध टाकलेली शेतं दर हंगामात बघतो. निम्म्यांत दुखणं वेगळंच असतं.

थायमेट म्हणजे फोरेट हे कीटकनाशक. त्यावर 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंदी आहे. जुना माल तुमच्या गळ्यात मारला जातोय, परत करा. आणि युरिया कशाला? मुळंच शिल्लक नाहीत तर खत घेणार कोण?

डोस दुप्पट केला म्हणून अळ्या दुप्पट मरत नाहीत. आत्ता, सप्टेंबरात, अळी तिसऱ्या, शेवटच्या अवस्थेत असते. सगळ्यात जास्त खाते आणि सगळ्यात कमी मरते. औषधाची वेळ जुलै-ऑगस्ट, अळी लहान असताना. फिप्रोनील 40 टक्के अधिक इमिडाक्लोप्रिड 40 टक्के हे मिश्र औषध उसातल्या हुमणीसाठी शिफारशीत आहे, पण हेक्टरी 500 ग्रॅमच्या वर नाही, आणि 1,000 ते 1,250 लिटर पाण्यातून मुळाशी आळवणी, म्हणजे द्रावण मुळाशी ओतायचं. दुकानदार काहीही म्हणो, डबीवरचं लेबल वाचा. जादा औषधाने गांडुळं मरतात आणि उरलेलं पाण्याबरोबर विहिरीकडे जातं.

आत्ता करायचं ते एवढंच : मेटारायझियम ही अळीला रोग लावून मारणारी बुरशी एकरी 8 किलो, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ऊन उतरल्यावर, जमिनीत ओल असताना मुळाजवळ द्या. सोबत बुरशीनाशक दिलंत तर पैसे गेले. फरक दिसायला काही आठवडे लागतात. चार दिवसांनी 'काही झालं नाही' म्हणून पुन्हा दुकानात जाऊ नका. या प्लॉटचा आणखी एक खोडवा ठेवू नका. तोडणीनंतर खोल नांगरट करा, बगळे-साळुंक्या मागे येऊन अळ्या वेचतात.

खरा उपाय मात्र पहिल्या वळवानंतर. या किडीची वर्षाला एकच पिढी. पाऊस पडला की दिवेलागणीला भुंगेरे, म्हणजे हुमणीचे पूर्ण वाढलेले किडे, जमिनीतून निघतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोरीवर जमतात. सकाळी पानांच्या कडा अर्धचंद्राकृती खाल्लेल्या दिसल्या की समजा आलेत. एक मादी 50 ते 60 अंडी घालते, त्याआधी गाठायचं. रात्री आठच्या सुमारास झाडाखाली ताडपत्री अंथरा, आकडीने फांद्या हलवा, पडलेले भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाका. रॉकेल मिळत नसेल तर साबणाचं पाणी चालतं. पावसानंतरचे आठ-दहा दिवस रोज, आणि सगळ्या शिवाराने मिळून. एकट्याच्या बांधावरचं कडुनिंब झाडून भागत नाही, शेजारच्या बांधावरून भुंगेरे येतातच. ज्या गावांनी हे नेटाने केलं तिथं औषधाचा खर्च उतरलेला मी पाहिलाय. प्रकाश सापळा लावा, पण नऊ-साडेनऊला दिवा बंद करा, नाहीतर मित्रकीटकही मरतात. सापळ्याच्या अनुदानाचं सहायक कृषी अधिकाऱ्याला (आधीचा कृषी सहायक) विचारा.

प्रश्न : बंगल्यापुढच्या लॉनमध्ये आणि कुंड्यांत जाड पांढऱ्या अळ्या निघाल्या. कोणतं औषध ओतू? (पुणे)

उत्तर : घराच्या अंगणात, जिथं मुलं खेळतात, तिथं औषध ओतायचंच नाही. अळी फरशीवर ठेवा. पाय वर करून पाठीवर सरकत चालली तर ती शेणखतातली, कुजलेलं खाणारी. हुमणी अशी चालत नाही. तिला खताच्या खड्ड्यात सोडा. लॉन पिवळं पडून हाताने सुटून येत असेल तर मात्र हुमणी. तेवढा भाग उचलून अळ्या वेचा, मेटारायझियम द्या. आणि पुढच्या वेळी शेणखत पूर्ण कुजलेलंच घ्या, चाळून.