जुन्या मारुती इको व्हॅनचा घरच्या घरी कॅम्पर (आत झोपायची सोय असलेली गाडी) करता येतो का? आरटीओचं लफडं होईल का?

हो, येतो, फक्त कापाकापी करू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे ना, त्यानुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही, म्हणजे छत कापून उंच करणं, सीट कायमच्या काढणं, बॉडीला वेल्डिंग, हे सगळं डोक्यातून काढा. इन्शुरन्सवालेही क्लेमच्या वेळी नेमकं तेच धरतात.

त्यापेक्षा सगळं उचलून बाहेर काढता येईल असं बनवा. १२ एमएमचा वॉटरप्रूफ प्लाय घ्या, मागची सीट दुमडून तिच्यावर बसेल असा घडीचा पलंग करा, खाली सामानाचे खण, आणि नट-बोल्टने घट्ट आवळा नाहीतर घाटात ब्रेक मारला की अख्खा पलंग पाठीत येईल. कापायच्या आधी आत स्वतः आडवे होऊन बघा हं, उंच माणसाला तिरकंच झोपावं लागतं.

वीज: १२ व्होल्टची (नेमके १२.८) १०० एएच, म्हणजे अँपिअर-अवरची, लिथियम फेरोफॉस्फेट बॅटरी म्हणजे साधारण १२८० वॅट-अवर वीज. १५ वॅटचा पंखा रात्रभर चालवला तरी सव्वाशेच्या आसपास जातात, त्यामुळे पंखा, एलईडी, मोबाईल एवढ्यावर दोन-तीन रात्री आरामात निघतात. फ्यूज मात्र बॅटरीच्या अगदी जवळ लावा, यात काटकसर नको.

कोकणात जाणार असाल तर खिडक्यांना मच्छरदाणीची जाळी आधी लावा, इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) नंतर. आणि गॅस शेगडी कायम गाडीबाहेरच पेटवायची, पाऊस असला तरी ताडपत्रीखाली, बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वासच नसतो.