कॅलिफोर्नियात घर, पुण्यात फ्लॅट. मृत्युपत्र असताना लिव्हिंग ट्रस्ट कशाला?

वकील सांगतोय तर करा. लिव्हिंग ट्रस्ट म्हणजे हयातीतच मालमत्ता ट्रस्टच्या नावावर करून, आपल्या पश्चात ती कुणाला जाईल ते ठरवून ठेवण्याची सोय. नुसत्या मृत्युपत्रावर घर वारसांकडे जाताना तिथे बहुधा प्रोबेट (मृत्युपत्र कोर्टातून मंजूर करून घेण्याची प्रक्रिया) लागतं आणि त्यात वकिलाची फी कायद्यानेच बांधलेली आहे: पहिल्या १ लाख डॉलरवर ४ टक्के, पुढच्या लाखावर ३, त्यापुढच्या ८ लाखांवर २. म्हणजे १० लाखांच्या घराला २३ हजार. एक्झिक्युटरलाही (मृत्युपत्र अमलात आणणाऱ्यालाही) तेवढेच घेता येतात. शिवाय हिशेब पूर्ण किमतीवर, निम्मं कर्ज फिटायचं असलं तरी!

पण ट्रस्टची जाडजूड फाइल कपाटात ठेवून भागत नाही. घराचं डीड, म्हणजे मालकीचा दस्त, ट्रस्टच्या नावाने करून काउंटी रेकॉर्डरकडे (तिथल्या दस्तनोंदणी कार्यालयात) नोंदवावं लागतं, आणि नेमकं तेच राहून जातं. हे काम फीमध्ये धरलंय का, ते पहिल्याच भेटीत विचारा. (रद्द करता येणाऱ्या ट्रस्टमध्ये स्वतःचं घर टाकल्याने प्रॉपर्टी टॅक्स वाढत नाही, ती धास्ती नको.) ४०१(के) हे नोकरीतलं निवृत्ती खातं ट्रस्टच्या नावावर करायला जाऊ नका, तिथे लाभार्थी कोण लावलाय ते बघा.

तुमच्या पश्चात ट्रस्टीला, म्हणजे ट्रस्टचा कारभार बघणाऱ्याला, ६० दिवसांत लाभार्थी आणि वारसांना लेखी नोटीस द्यावी लागते. तेव्हा कागदपत्रांना न कंटाळणारा माणूस नेमा, केवळ थोरला म्हणून नको.

फ्लॅटसाठी भारतात वेगळं मृत्युपत्र करा, दोन साक्षीदारांच्या सह्यांसकट. मात्र ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ हे ठरावीक वाक्य त्यात सरसकट घालू देऊ नका, नाहीतर तिकडचं मृत्युपत्रही उडेल.