लसीकरण: फ्रिज घ्यावा का, कार्ड हरवलं तर काय, आणि बाकीचे प्रश्न

प्रश्न: आमच्याकडची (बीड) कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात ती थेट मार्च-एप्रिलात परततात. एका दहा महिन्यांच्या मुलाला पेंटाचा (पाच आजारांवरची एकत्र लस) एकच डोस झालाय, कार्डही हरवलंय. सगळं पहिल्यापासून सुरू करायचं का?

नाही हो. झालेला डोस वाया जात नाही, कितीही गॅप पडली तरी पुढचा द्यायचा, फक्त पेंटाच्या दोन डोसमध्ये किमान ४ आठवडे पाहिजेत. आणि नऊ महिने पूर्ण झालेत म्हणजे एमआरचा (गोवर-रुबेला) पहिला डोसही द्यायचाय, तो त्याच दिवशी दुसऱ्या जागी देता येतो. जुनी नोंद आशाताई किंवा सिस्टरच्या रजिस्टरला सापडते, नवीन कार्ड झालं की मोबाईलवर फोटो काढून ठेवायला सांगा.

खरी भानगड पुढे आहे. मूल गावच्या यादीत ‘बाहेरगावी’ आणि उसाच्या फडावर कुणाच्याच यादीत नाही, म्हणजे लस दोन्हीकडे आहे पण मुलाशी गाठच पडत नाही. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडे कोणता कोयता (म्हणजे ऊसतोडीचं जोडपं) कुठल्या फडावर गेला ते सगळं असतं, त्याच्याकडून नावं घ्या आणि तिथल्या पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) द्या. माझ्या मते कुठल्याही पोस्टरपेक्षा ही यादी जास्त कामाची.

प्रश्न: वित्त आयोगाचे थोडे पैसे शिल्लक आहेत. उपकेंद्राला लसींसाठी चांगला डबल डोअर फ्रिज द्यावा म्हणतोय. (एक सरपंच)

नका देऊ, प्लीज. लस २ ते ८ डिग्रीत ठेवावी लागते, घरगुती फ्रिजचं दार उघडलं की आतलं तापमान चढतं आणि फ्रीजरजवळ लस गोठते. पेंटा, हिपॅटायटिस बी, टीडी (धनुर्वात-घटसर्पाची) या लसी एकदा गोठल्या की संपल्या, वितळल्यावर बघून पटकन कळतही नाही. पीएचसीत त्यासाठी आयएलआर (लसींचा खास फ्रिज) असतो, झाकण वरून उघडतं, दिवसाला सलग ८ तास लाइट मिळाली तरी तो थंड राहतो. सत्राच्या दिवशी तिथूनच आईसपॅक घातलेल्या कॅरिअरमधून लस येते, उरलेली संध्याकाळी परत जाते. पावसाळ्यात हा कॅरिअर पाड्यापर्यंत पोचवायला गाडी आणि सत्राच्या जागी सावली-पाणी, खर्च यावर करता येतो का ते बघा.

प्रश्न: एमआरची कुपी ५ डोसची आणि बाळ एकच आलंय. फोडू का? वरून वेस्टेजचं विचारतात. (एएनएम, म्हणजे उपकेंद्राची सिस्टर)

फोडा. आई मजुरी बुडवून आलीये, परत येईल याची गॅरंटी कोण देणार? वेस्टेज मागणीच्या हिशोबात आधीच धरलेलं असतं. मात्र मिसळल्यावर ४ तासांनी उरलेली टाकायचीच, ती पेंटासारखी २८ दिवस चालत नाही. आणि डायल्युएंट (लसीच्या पावडरीत मिसळायचं द्रावण) त्याच कंपनीचं, तेही थंड केलेलं.

प्रश्न: मुंबईत दवाखाने पायलीला पन्नास, मग २०२२ मध्ये गोवंडीत गोवर पसरलाच कसा?

दवाखाना जवळ असणं आणि लस मिळणं यात बरंच अंतर आहे. कोविडच्या काळात नेहमीचं लसीकरण मागे पडलं, त्यात भाड्याची खोली सारखी बदलणारी कुटुंबं, आईबाप दोघं कामावर आणि सत्र नेमकं सकाळी. गोवर इतका पसरतो की ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस झाले तरच अडतो, दाट वस्तीत तर थोडी मुलं सुटली तरी पुरे. तेव्हा ९ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना जादा डोस दिला, नऊ महिन्यांखालच्या बाळांमध्ये गोवर जास्त होता तिथे ६ ते ९ महिन्यांच्या बाळांनाही. (हे जादाचे, नेहमीचे दोन वेगळे घ्यायचेच.)

लोक ‘अडाणी’ म्हणून लस घेत नाहीत हे मला पटत नाही. पेंटानंतर एक-दोन दिवस ताप येऊ शकतो हे कुणी आधी सांगितलेलंच नसतं, बाळ रात्रभर रडतं, बापाचा खाडा होतो, मग पुढच्या वेळी दार उघडत नाहीत. लस कुठली, त्रास काय होईल, पुढची तारीख कधी, कार्ड जपून ठेवा, एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात, पण ओळीत चाळीस बायका उभ्या असल्या की तीच दोन मिनिटं जातात. त्यामुळे सिस्टरला बोल लावण्यापेक्षा सत्रं वाढवा, आणि काही संध्याकाळी ठेवा.

प्रश्न: ताप आलाच नाही, म्हणजे लस लागू पडली नाही का?

पडते. प्रत्येकाला ताप येत नाही, पुढच्या तारखेला या.