रशियनच्या आधी लॅटिन शिकावी का?

सप्रेम नमस्कार.

आपली कन्या खानापूर तालुक्यातील महाविद्यालयात द्वितीय पीयूसी (बारावी) कला शाखेत शिकत असून तिला रशियन भाषेची पदवी घ्यायची आहे, असे आपण लिहिले आहे. ही भाषा फार कठीण आहे अशी भीती आपल्याला अनेकांनी घातली आहे, तर आधी लॅटिन शिकल्यास युरोपातील सर्व भाषा सोप्या जातात असे तिच्या मामांचे मत आहे.

मामांचे म्हणणे फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन, पोर्तुगीज आणि रुमानियन या भाषांपुरते बरेचसे खरे आहे, कारण त्या लॅटिनपासूनच निघाल्या आहेत. रशियन मात्र स्लाव्ह कुळातील असून तिचा रोजचा शब्दसंग्रह आणि लिपी लॅटिनहून वेगळी आहे. लॅटिनच्या अभ्यासाने विभक्तींची सवय होते हे मान्य केले, तरी त्या सवयीसाठी मराठी माध्यमात शिकलेल्या मुलीने दोन वर्षे खर्च करावीत असे मला वाटत नाही. तीन लिंगे, विभक्ती, नामाप्रमाणे बदलणारी विशेषणे आणि उपपदांचा (इंग्रजीतल्या ‘अ’, ‘द’सारख्या शब्दांचा) अभाव या गोष्टी तिला मराठीमुळे परक्या वाटणार नाहीत. वनस्पतिशास्त्र, चर्चचा इतिहास किंवा प्राचीन युरोप हा विषय घेणाऱ्यांनी लॅटिन जरूर शिकावी. नव्या वनस्पतीचे वर्णन लॅटिनमध्येच देण्याचे बंधन मात्र 1 जानेवारी 2012 पासून उरलेले नाही.

रशियनची खरी अडचण सिरिलिक लिपी नाही. तिची 33 अक्षरे काही आठवड्यांत अंगवळणी पडतात. आपण ‘ला’ हा एकच प्रत्यय मुलाला, मुलीला, झाडाला असा सर्वत्र लावतो, तर रशियनमध्ये विभक्ती सहाच असल्या तरी प्रत्येकीचे प्रत्यय लिंग आणि वचन यांनुसार बदलतात. बहुतेक क्रियापदांची जोडी असते: एक रूप चालू असलेली किंवा पुन्हा पुन्हा होणारी क्रिया सांगते, तर दुसरे पूर्ण झालेली. ‘वाचत होते’ आणि ‘वाचून काढले’ यांतला फरक ज्याला उपजत कळतो त्याला ही कल्पना समजते, पण रूपे पाठच करावी लागतात. शिवाय शब्दातला आघात, म्हणजे उच्चारातला जोर, कोठे येतो हे छापील मजकुरात दाखवलेले नसते आणि आघात नसलेला ‘ओ’ ‘अ’सारखा उच्चारला जातो, त्यामुळे शिक्षकाच्या तोंडून ऐकल्याशिवाय ही भाषा नीट येत नाही. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेच्या अंदाजानुसार इंग्रजी भाषकाला फ्रेंच किंवा स्पॅनिशसाठी साधारण 600 ते 750 तास, रशियनसाठी 1100 आणि जपानीसाठी 2200 तास वर्गात शिकावे लागते. आपल्या मुलीला हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, तरी क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

आता उपजीविकेचा विचार करू. बेळगावच्या उद्यमबागेतील कारखान्यांत किंवा पुणे-बंगळूरच्या कंपन्यांत भाषेच्या जोरावर लवकर नोकरी हवी असेल, तर जर्मन किंवा जपानी अधिक सोयीची आहे, हे मी स्पष्टपणे सांगतो. रशियनचे क्षेत्र लहान आहे, पण त्यात नीट बोलू आणि लिहू शकणारी माणसेही थोडीच असतात. नाशिकजवळ ओझर येथे सुखोई या मूळ रशियन विमानांचे काम चालते, तमिळनाडूतील कुडनकुळमच्या अणुभट्ट्या रशियन बनावटीच्या आहेत, आणि चोर्ला घाट उतरला की गोव्यातल्या मोरजी-हरमलच्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात रशियन पर्यटक येतात. रशियात वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या भारतीय मुलांनाही, वर्ग इंग्रजीत असले तरी, रुग्णाशी रशियनमध्येच बोलावे लागते. संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांत रशियन आहे. जर्मन आणि जपानी नाहीत.

म्हणून माझा सल्ला असा की, तिची ओढ खरी असेल तर तिने रशियनच घ्यावी, पण सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रावर थांबू नये, कारण तेवढ्या भाषेवर कोणी दुभाषी होत नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील रशियनच्या पदवीचा प्रवेश सीयूईटी या विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतो, तेव्हा अर्जाच्या तारखांवर आतापासून लक्ष ठेवावे. इतक्या दूर पाठवणे शक्य नसल्यास इतर विषयातली पदवी घेताना पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये (पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात) प्रमाणपत्र आणि पदविका अशा क्रमाने रशियन शिकता येईल. दोन्ही वाटांवर भाषेसोबत व्यापार, पर्यटन किंवा तांत्रिक भाषांतर यांपैकी एक विषय तिने पक्का करावा. अर्ज करण्यापूर्वी तिने महिनाभर रोज तासभर लिपी, उच्चार आणि पहिल्या दोन विभक्ती शिकून पाहाव्यात. त्यानंतरही ती आपणहून वही उघडत असेल, तर तिला अडवू नये.