फॅट घटली म्हणून पेंड वाढवावी का?

प्रश्न : माझी दुसऱ्या वेताची एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) संकरित गाय व्यायल्यानंतर दोन महिन्यांनी दिवसाला 18 लिटर दूध देत होती. गेल्या तीन आठवड्यांत दूध 14 लिटरवर आले, फॅट 3.8 वरून 3.1 झाली आणि शेणही पातळ पडते. मुरघास (खड्ड्यात हवाबंद मुरवलेला हिरवा चारा), उसाचे वाढे आणि गोळी पेंड एवढाच आहार आहे. पेंड 7 किलोंवरून 10 किलो केली, तरी फरक नाही. मुरघासाच्या खड्ड्यात कडेला बुरशी दिसते; तेवढा थर काढून बाकीचा घालतो. काय करावे?
— एक वाचक, ता. नेवासे

उत्तर : पेंड वाढवण्याचा निर्णय आपण गाईच्या काळजीपोटीच घेतला, पण माझ्या मते दुखणे त्यानेच वाढले आहे. दुधातील फॅटचा मोठा भाग चाऱ्यातील तंतूंपासून येतो : कोटीपोटातील (गाईच्या पहिल्या, मोठ्या पोटातील) जिवाणू तंतू आंबवून ॲसिटिक आम्ल तयार करतात आणि कास त्यातून फॅट घडवते. पेंड जास्त आणि कोरडा चारा नाही, अशा वेळी रवंथ कमी होते, लाळ कमी सुटते आणि लाळेतला क्षार कमी पडल्याने पोटात आम्लता वाढते. पातळ शेण आणि घटलेली फॅट ही त्याचीच लक्षणे दिसतात. गाय निवांत बसलेली असताना तिच्याजवळ थांबून मोजा. निरोगी गाय रवंथीचा एक घास साधारण 50 ते 60 वेळा चावते. ती 30-40 वर घास गिळत असेल, तर तंतू कमी पडत आहेत.

शरीरपोषणासाठी दीड ते दोन किलो आणि दर अडीच लिटर दुधामागे एक किलो या हिशेबाने 14 लिटरला साडेसात किलो पेंड पुरते. आठवडाभरात तेवढ्यावर या, ती तीन-चार वेळा विभागून द्या आणि रोज तीन-चार किलो ज्वारीचा कडबा सुरू करा. कुट्टी इंचभर लांबीची ठेवावी. भुशासारखी बारीक कुट्टी रवंथीच्या उपयोगाची नाही.

बुरशीबाबत मात्र सवलत नको. दिसणारा थर काढला, तरी विष आतल्या भागात उतरलेले असू शकते. खाद्यातील अफ्लाटॉक्सिन बी-1 हे बुरशीचे विष गाईच्या यकृतात एम-1 या रूपात बदलून दुधात उतरते आणि दूध उकळल्यानेही ते नष्ट होत नाही. म्हणजे हा प्रश्न आपल्या घरातील लेकरांच्या पेल्यापर्यंत जातो. काळा पडलेला, हाताला गरम लागणारा किंवा कुबट वास येणारा मुरघास टाकून द्या. एवढा खर्च करून भरलेला खड्डा उकिरड्यावर ओतताना जीव तुटतो, हे मी जाणतो, पण तो भाकड किंवा गाभण जनावरांनाही घालू नका. गाभण गाय गाभडण्याचा धोका असतो. पुढे खड्ड्याच्या तोंडाचा रोज किमान सहा इंच थर निघेल एवढाच भाग उघडा ठेवा. पेंडीलाही बुरशी लागू नये म्हणून तिचे पोते ओल्या जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावे.

उसाच्या वाढ्यांत ऑक्झलेट नावाचे द्रव्य असते आणि ते कॅल्शियम बांधून ठेवते. त्यामुळे वाढे मुख्य चारा म्हणून नकोत. जोडीला हिरवी मका किंवा लसूणघास आणि रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण द्यावे.

दूध लगेच चढणार नाही. शेण बांधून पडू लागणे ही सुधारणेची पहिली खूण समजा. मात्र गाय खाणे सोडत असेल, ताप असेल किंवा लंगडत असेल, तर वाट न पाहता त्याच दिवशी पशुवैद्यकांना बोलवा.